पिकली पानं देऊन कोवळी पालवी कशी घ्यावी

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या नशिबी हंगामाला १६२ सामने. मार्चअखेर सुरुवात होते तेव्हा तीसही संघांना जेतेपदाची स्वप्नं पडत असतात. जुलै संपत आला की काहींची झोप उडालेली असते आणि नेमकी तेव्हाच ‘ट्रेड डेडलाइन’ येऊन ठेपते. खेळाडूंची अदलाबदल करायची ती या मुदतीच्या आत. अशा वेळी बुडत्या संघाचा जनरल मॅनेजर, म्हणजे मैदानात न उतरता संघ जमवणारा कारभारी, आपले तिशी ओलांडलेले नामवंत खेळाडू जिंकण्याच्या बेतात असलेल्या संघाच्या हवाली करतो आणि बदल्यात मायनर लीगमधली, कुणी नावही न ऐकलेली पोरं पदरात पाडून घेतो. या पोरांना ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात आणि साऱ्या खटाटोपाला ‘रीबिल्डिंग’. होतकरू मॅनेजरांच्या सोयीसाठी त्याची कार्यपद्धती, आजवरच्या दाखल्यांसह, पुढे दिली आहे.

पायरी १ : आपण बुडतो आहोत, हे आधी ठरवावं

ही पायरी सर्वांत अवघड. २०२२ पासून प्लेऑफमध्ये, म्हणजे जेतेपदासाठीच्या अंतिम फेऱ्यांत, १२ संघांना जागा मिळते. त्यामुळे जेमतेम निम्मे सामने जिंकणाऱ्यालाही ‘अजून चान्स आहे’ असं म्हणता येतं. म्हणत राहिलं तर डेडलाइन निघून जाते आणि घाई केली तर अब्रू.

घाईचा दाखला शिकागो व्हाइट सॉक्सने घालून दिला आहे. ३१ जुलै १९९७ रोजी हा संघ आपल्या गटात क्लीव्हलँडच्या फक्त साडेतीन सामने मागे होता. तरीही त्यांनी तीन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, सॅन फ्रान्सिस्कोला देऊन सहा पोरं घेतली. क्लीव्हलँडला गाठता येईल असं मानणारा वेडा आहे, अशा अर्थाचं मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी जाहीरपणे सांगून टाकलं. शहराने या सौद्याचं ‘व्हाइट फ्लॅग ट्रेड’ असं बारसं केलं. तीन पिचर गमावूनही संघ हंगामाअखेर सहाच सामने मागे राहिला, त्यामुळे चाहत्यांचा संताप दुप्पट झाला. पुढे सन २००० मध्ये व्हाइट सॉक्सने गट जिंकला आणि त्या सहा पोरांमधला कीथ फोक हा त्या संघाचा हुकमी पिचर होता. पण शिव्या ताबडतोब मिळतात आणि श्रेय तीन वर्षांनी, हा हिशेब मॅनेजरने आधीच मांडून ठेवावा.

पायरी २ : मालाची मांडणी

कोवळ्या खेळाडूची किंमत त्याच्या पगारात असते. मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरेपर्यंत खेळाडूला मनासारखा संघ निवडता येत नाही आणि त्यातली पहिली सुमारे तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास राबतो. २०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. आपल्याला तो डोळे फिरवणारा वाटेल, पण त्याच ड्रेसिंग रूममध्ये शेजारच्या कपाटाचा मालक वर्षाला दोन-तीन कोटी डॉलर घेत असतो.

पोरांना गुण देण्याची पद्धत २० ते ८० अशी आहे. फटका, ताकद, धावणं, झेल आणि फेक यांचे वेगवेगळे गुण. २० च्या खाली कुणाला उतरवत नाहीत आणि ८० च्या वर कुणाला चढवत नाहीत. शून्य ते शंभर का नाही, असं विचारणारा मॅनेजर नवखा समजला जातो.

आपल्याकडच्या ज्येष्ठांची जाहिरात करताना मात्र आकडे टाळावेत आणि अनुभव, शांत डोकं, पोरांना वळण लावण्याची हातोटी यांवर भर द्यावा. ऑगस्ट १९८७ मध्ये (तेव्हा काही सौदे ऑगस्टअखेरपर्यंतही करता येत) अटलांटाने ३६ वर्षांचा पिचर डॉयल अलेक्झांडर डेट्रॉइटला दिला आणि वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ घेतला. स्मोल्ट्झ मिशिगनचाच, लहानपणापासून डेट्रॉइटचा भक्त, पण मायनर लीगमध्ये मार खात होता. अलेक्झांडरने कमाल केली. नऊ विजय, एकही पराभव नाही. डेट्रॉइटने गट जिंकला. मग प्लेऑफमध्ये त्याच अलेक्झांडरने दोन सामने टाकले आणि दोन्ही गमावले. स्मोल्ट्झ अटलांटासाठी दोन दशकं खेळला आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला.

इथे फसलं कोण, याचा निकाल अजून लागलेला नाही. डेट्रॉइटला हवा होता तो गट त्यांनी जिंकलाच होता.

पायरी ३ : पोरं निवडताना

यादीत पहिलं नाव वर्तमानपत्रांसाठी मागावं आणि शेवटचं नाव स्वतःसाठी. २००८ मध्ये क्लीव्हलँडने सीसी सबॅथिया हा तगडा पिचर मिलवॉकीला दिला. बदल्यात मिळालेल्या चौघांत मॅट लापोर्टा हे मोठं नाव होतं, गाजावाजा त्याचाच झाला. चौथा खेळाडू कोण, हे सौद्याच्या दिवशी ठरलंही नव्हतं. लापोर्टाची कारकीर्द बघता बघता विझली. मागाहून आलेला चौथा, मायकल ब्रँटली, पुढे क्लीव्हलँडकडून ऑल-स्टार झाला.

ह्यूस्टनचं उदाहरण तर प्रत्येक मॅनेजरच्या टेबलाच्या काचेखाली असावं. ऑगस्ट १९९० मध्ये त्यांनी ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन बॉस्टनला दिला. त्याने बॉस्टनसाठी २२ इनिंग टाकल्या आणि हंगाम संपताच दुसरा संघ गाठला. बदल्यात आलेल्या जेफ बॅगवेलने ह्यूस्टनसाठी ४४९ होमरन मारले.

पोरं हेरून चालत नाही, ती टिकवावीही लागतात. जून २००२ मध्ये क्लीव्हलँडने बार्टोलो कोलोन मॉन्ट्रियलला देऊन क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स मिळवले. तिघेही पुढे ऑल-स्टार झाले, पण फिलिप्स झाला तो सिनसिनाटीत. क्लीव्हलँडने कंटाळून त्याला २००६ मध्ये जवळजवळ फुकटात देऊन टाकलं होतं. मॉन्ट्रियलला तर प्लेऑफही मिळाला नाही आणि २००५ मध्ये अख्खा संघच वॉशिंग्टनला हलवला गेला.

पायरी ४ : नाव नंतर कळवू

सौदा अडलाच तर एक सोय आहे. ‘नाव नंतर कळवण्यात येईल असा एक खेळाडू’ अशी तरतूद करारात घालता येते. ती जपून वापरावी. एप्रिल १९६२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने क्लीव्हलँडकडून हॅरी चिटी नावाचा कॅचर अशाच बोलीवर घेतला. चिटी १५ सामने खेळला, बॅट काही चालेना. जूनमध्ये मेट्सने बदल्यातला खेळाडू क्लीव्हलँडला पाठवून दिला. तो हॅरी चिटीच होता. एका माणसाची स्वतःशीच अदलाबदल झाली आणि दोन्ही कार्यालयांच्या कागदपत्रांत कसलीही त्रुटी राहिली नाही.

पायरी ५ : खेळाडूला कळवावं, शक्यतो आधी

काही खेळाडूंना विचारावंच लागतं. मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू ट्रेडला साफ नकार देऊ शकतो. १९७३ मध्ये हा हक्क पहिल्यांदा शिकागो कब्जच्या रॉन सँटोने बजावला. त्याने कॅलिफोर्नियाला जायचं नाकारलं आणि त्याच शहरातल्या व्हाइट सॉक्सकडे गेला.

बाकीच्यांना निदान सांगावं तरी. २९ जुलै २०१५ च्या रात्री मेट्सच्या मैदानावर सामना चालू असताना बातमी फुटली की विल्मर फ्लोरेस मिलवॉकीला चालला. या खेपेला मेट्स घेणाऱ्यांत होते, जाणाऱ्यांत हा २३ वर्षांचा पोरगा. वयाच्या सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलातून मेट्सने त्याला घेतलं होतं. प्रेक्षकांच्या हातात फोन होते, त्यांना सगळं ठाऊक होतं. तो बॅटिंगला आला तेव्हा लोक निरोपाच्या टाळ्या वाजवत उभे राहिले. मग तो फील्डिंगला आपल्या जागेवर गेला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागला. कॅमेरा त्याच्यावरच रोखलेला. संघाचे मैदानावरचे मॅनेजर टेरी कॉलिन्स यांना मात्र आपला खेळाडू का रडतोय, हेच कळेना, कारण डगआउटमध्ये फोन नव्हते.

सौदा त्याच रात्री फिसकटला. दोन दिवसांनी, ३१ जुलैला, फ्लोरेसने बाराव्या इनिंगमध्ये होमरन मारून सामना जिंकून दिला आणि होम प्लेटकडे धावत येताना छातीवरचं ‘मेट्स’ हे नाव मुठीत धरून दाखवलं. मॅनेजरने यातून धडा घ्यावा तो फोनविषयी.

पायरी ६ : पदरचे पैसे घालणं

ज्येष्ठ खेळाडूचा पगार अवाढव्य असेल तर घेणारा कां-कूं करतो. अशा वेळी उरलेला पगारही आपणच भरावा. जुनी स्कूटर विकून वर पेट्रोलचे पैसेही द्यावेत तसा हा व्यवहार दिसतो, पण प्रत्यक्षात ती पोरांची रोख खरेदी असते. २०२३ मध्ये मेट्सने मॅक्स शर्झर आणि जस्टिन व्हर्लँडर या दोघांना वर्षाला प्रत्येकी ४ कोटी ३३ लाख डॉलरवर ठेवलं होतं. संघ आपटला. जुलैअखेर शर्झर टेक्ससला गेला तेव्हा सोबत सुमारे साडेतीन कोटी डॉलर मेट्सने भरले आणि घरी आणला लुईसआन्हेल अकुन्या. त्याच वर्षी टेक्सस जगज्जेता झाला. जेत्यांच्या संघातल्या पिचरचा पगार न्यूयॉर्कहून जात होता.

पायरी ७ : पद्धतशीर हरणं

ट्रेडनंतर संघ हरणारच. तेव्हा पुरेपूर हरावं, म्हणजे पुढच्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी नव्या पोरावर बोट ठेवता येतं. या शास्त्राचा मूळ ग्रंथ ह्यूस्टनने रचला. २०११ मध्ये १०६ पराभव, २०१२ मध्ये १०७, २०१३ मध्ये १११. सलग तीन वर्षं पहिली निवड त्यांची. त्यातून कार्लोस कोरेया मिळाला हे खरं. पण दुसऱ्या वर्षी निवडलेला मार्क अपेल ह्यूस्टनसाठी मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही आणि तिसऱ्या वर्षी निवडलेल्या ब्रेडी एकनशी करारच झाला नाही. २०११ मध्ये हंटर पेन्सच्या बदल्यात आलेल्या चौघांपैकी एकही जण २०१७ च्या जगज्जेत्या ह्यूस्टन संघात नव्हता. त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, होसे अल्टुवे मात्र होता. साडेपाच फुटी अल्टुवेला चाचणीत आधी घरी पाठवलं होतं. मग १५ हजार डॉलरवर सही झाली. तो कुठल्या ट्रेडमधून आला नव्हता की ड्राफ्टमधून. त्याच हंगामात हा संघ कॅमेऱ्यातून विरोधकांच्या खुणा चोरत होता, हे प्रकरण पुढे उघडकीला आलं. रीबिल्डिंगच्या व्याख्यानांत तो अध्याय सहसा गाळतात.

इतरांनी पराभवाची नक्कल सुरू केल्यावर लीगने २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा निवडींसाठी लॉटरी आणली. व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने हरून आधुनिक काळातला विक्रम केला. पण मोठ्या उत्पन्नाच्या संघाला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतला क्रमांक मिळत नाही, असा नियम आडवा आला आणि २०२५ मध्ये त्यांची निवड दहावी लागली. तेव्हा हरायला बसण्यापूर्वी नियमावली वाचावी.

पायरी ८ : मुदत मागून घेणं

निकाल लागायला पाच-सात वर्षं लागतात. मॅनेजरने पहिल्याच पत्रकार परिषदेत ती मागून घ्यावीत आणि स्वतःचा करारही त्याच बेताने वाढवून घ्यावा. डेट्रॉइटच्या अल आव्हिला यांनी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, मध्यरात्रीची मुदत संपायला काही सेकंद उरले असताना, व्हर्लँडरला ह्यूस्टनला दिलं. व्हर्लँडरने दोन महिन्यांत जगज्जेतेपदाची अंगठी मिळवली. सौद्यातलं मोठं नाव, फ्रँकलिन पेरेझ, दुखापतींत अडकलं. डेट्रॉइट २०१९ मध्ये ११४ सामने हरला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आव्हिलांचा करार वाढवण्यात आला. ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र त्यांना नारळ मिळाला.

२०२४ मध्ये डेट्रॉइट दहा वर्षांनी प्लेऑफमध्ये पोहोचला. मुख्य पिचर होता २०१८ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या फेरीत उचललेला तारिक स्कूबल. त्याचे चेंडू झेलायला प्लेटमागे बसायचा जेक रॉजर्स, व्हर्लँडरच्या बदल्यात आलेल्या तिघांतला, ज्याच्या नावाची सौद्याच्या रात्री फारशी चर्चा झाली नव्हती. तोवर मॅनेजरच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता आणि अभिनंदनाचे फोन त्याला जात होते.