येतो हं!

आपल्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. नव्या लोकशाह्यांत राष्ट्राध्यक्षांची एक जात आहे, तिने हा शब्द फारच मनावर घेतलाय. ही जात जातच नाही.

हा गृहस्थ तुमच्या ओळखीचा आहे. एक पाय चपलेत, एक उंबऱ्याच्या आत आणि तासभर गप्पा. फक्त आपला पाहुणा उंबऱ्यावर रेंगाळतो, हा उंबराच सरकवतो.

निवडून येतो तेव्हा गडी साधा असतो. आधीचा म्हातारा खुर्चीला चिकटला म्हणून मोर्चे काढूनच आलेला. ‘दोन टर्म, वर एक दिवस नाही!’ असं टेबलावर हात आपटून सांगतो. पहिली टर्म शिकण्यात जाते, दुसरी फिती कापण्यात. आणि दुसरी संपत आली की अचानक त्याचं गणित कच्चं होतं.

सेनेगलचे अब्दुलाय वाद (नावातच वाद!) २०१२ साली म्हणाले, माझी पहिली टर्म जुन्या घटनेतली, ती धरू नका. बुरुंडीचे प्येर न्कुरुन्झिझा यांचं २०१५ साली म्हणणं, पहिल्यांदा मला संसदेनं निवडलं, जनतेनं नव्हे. ती धरू नका. पंगतीत चौथी जिलबी घेणाराही पहिलीबद्दल असंच बोलतो. बोलिव्हियाच्या एवो मोरालेस यांनी निदान यजमानांना विचारलं. २०१६च्या सार्वमतात जनता ‘नको’ म्हणाली. पुढच्याच वर्षी तिथल्या घटना न्यायालयानं ठरवलं, की पुन्हा उभं राहू न देणं हा मानवी हक्कांचा भंग आहे!

त्याला स्वतःला विचाराल तर तो हात जोडतो. ‘मला कुठे हवंय हो? लोक सोडत नाहीत.’ हे लोक म्हणजे बहुधा मेहुणा, भाचा आणि दोन कंत्राटदार.

त्याची अडचणही खरी आहे. संसदीय पद्धतीत पडलेल्या पंतप्रधानाला समोरच्या बाकावर बूड टेकता येतं. अध्यक्षाची खुर्ची एकटी. उतरला की खाली थेट जमीन, आणि जमिनीवर त्याच्या फायली उघडून बसलेली माणसं. बरं, मुदत पक्की, त्यामुळे साध्या अविश्वास ठरावानं त्याला हलवताही येत नाही. मग उरतो महाभियोग, रस्ता किंवा लष्कर. बुर्किना फासोत ब्लेझ कॉम्पाओरे २७ वर्षं बसले होते. आणखी बसता यावं म्हणून २०१४ साली घटनादुरुस्ती आणली, तर लोकांनी संसदच पेटवली. साहेब ‘येतो’ही न म्हणता देशाबाहेर गेले.

तेव्हा असा पाहुणा उंबऱ्यावर घुटमळू लागला, की वेळेवर त्याच्या हातात चपला देणारं कुणीतरी घरात लागतं. सेनेगलमध्ये वाद यांना हरवून आलेले माकी साल हेही पुढे घुटमळलेच. फेब्रुवारी २०२४मध्ये मतदान तीन आठवड्यांवर असताना त्यांनी निवडणूक पुढे ढकलली. घटना परिषदेनं ते रद्द ठरवलं. मार्चमध्ये मतदान झालं आणि २ एप्रिलला साल यांनी खुर्ची सोडली. तिच्यावर बसले बासिरू जोमाय फाय. मतदानाच्या दहा दिवस आधीपर्यंत ते तुरुंगात होते.