नीतीचा बाजारभाव

र. धों. कर्वे यांचं चुकलंच. गणिताच्या प्राध्यापकानं गणित शिकवावं. यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी काढलं त्याच वर्षी. त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जायलाच हवी होती! बाई दहाव्या बाळंतपणात गेली तर ती देवाची इच्छा, आणि जाऊ नये म्हणून कुणी उपाय सांगितला तर तो स्वैराचार, हे साधं गणित त्यांना सुटू नये?

१९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढू लागले. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्री, आत चारचौघांत न विचारायच्या प्रश्नांना सरळ उत्तरं. सभ्य माणसं असलं काही वाचत नाहीत म्हणे. तरी कुठल्या पानावर काय अश्लील आहे, हे त्यांना बिनचूक ठाऊक असायचं. १९३१ साली खटला झाला, शंभर रुपये दंड. १९३४ साली पुन्हा खटला. या खेपेला वकील साक्षात डॉ. आंबेडकर, तरी दंड दोनशे. जगभर मंदी असताना नीतीचा भाव तेवढा तीन वर्षांत दुप्पट!

रघुनाथरावांचे वडील धोंडो केशव. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. पुढे त्यांनाच भारतरत्न मिळालं. पण त्यासाठी शंभरी गाठावी लागली. मुलाला तेवढी सवड मिळाली नाही. सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला १९५२ साली. रघुनाथराव वारले १९५३ साली. तोवर पदरमोड करून अंक काढतच होते.