प्लग काढा रे!

मे महिना सरत आला, की मराठवाड्यापासून कोकणापर्यंत दुपारी आभाळ भरून येतं आणि घराघरांतून एकच आरोळी उठते, ‘‘प्लग काढा रे!’’ आरोळीचा मान घरातल्या अण्णांचा. स्वतः जागचं न उठणं हा त्या मानाचाच भाग. मग कुणी फ्रिजमागे हात घालतं, कुणी टीव्हीमागच्या गुंत्यातून नेमकी वायर शोधतं. ‘‘मिक्सरचा पण काढू का, अण्णा?’’ सून विचारते. मिक्सरचाही निघतो.

हसू येतं खरं, पण शास्त्र अण्णांच्या बाजूनं आहे. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटणाच्या आत पडणारी फट जेमतेम काही मिलिमीटरची. किलोमीटरभर हवा फोडून खाली आलेली वीज तिथं परवानगी मागत थांबत नाही. तिला घरावरच पडावं लागतं असंही नाही. तारांवर किंवा आसपास कुठं पडली, तरी तारेत हजारो व्होल्टचा झटका उठतो आणि मीटर ओलांडून आत शिरतो. अण्णांचं चुकतं ते एवढंच, की टीव्हीचा प्लग निघतो आणि डिशची वायर तशीच राहते. झटका मग त्या दारानं येतो.

पुष्कळ घरांची भिस्त असते ती स्टॅबिलायझरवर. त्याचा काटा बघून आजी ‘‘आज डीम आहे’’ असा निकाल देतात. व्होल्टेज हळूहळू वर-खाली झालं तर हा भला गृहस्थ कामाला येतो. पण त्याचा रिले हलायला मिलिसेकंद लागतात आणि विजेचा झटका मायक्रोसेकंदांत काम उरकतो. ‘‘आमच्याकडे एमसीबी आहे’’ म्हणणाऱ्यांचीही तीच गत. एमसीबी लक्ष ठेवतो करंटवर. व्होल्टेज किती आलं, हे त्याचं खातंच नाही.

आणि खरा खलनायक आभाळात नसतोच. तो गल्लीतल्या डीपीवर असतो. त्याचं नाव तुटका न्यूट्रल.

फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये सुमारे 400. न्यूट्रल तुटला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं नकळत एकाच माळेत ओवली जातात आणि ते 400 आपसांत वाटून घेतात. वाटणी मोठी अन्यायाची. ज्या फेजवर गीझर, एसी, इस्त्री सगळं चालू, तिथं व्होल्टेज कमी येतं. ज्या फेजवर काटकसरीनं एक दिवा आणि एक टीव्ही चालू, तिथं 300 च्या वर. म्हणजे उधळ्या शेजाऱ्याचा दिवा मिणमिणतो आणि काटकसरी माणसाचा टीव्ही धूर सोडतो.

यावर उपाय आहेत, दोन निराळे. क्षणभराच्या झटक्यासाठी मेन बोर्डात एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्टर बसवतात. त्याच्या पोटात बहुधा झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर असतो. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं, की तो जादा झटका जमिनीकडे वळवतो. दर झटक्याला तो थोडा झिजतोही, म्हणून त्याची खिडकी किंवा दिवा अधूनमधून बघावा लागतो. न्यूट्रल तुटला, तर मात्र हा बिचारा स्वतःच जळून जातो. तिथं लागतो तो ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ, जो सरळ पुरवठाच तोडतो.

पण झटका जमिनीकडे वळवायचा, तर जमिनीपर्यंत वाट हवी. आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून भरतात, वर फरशी बसवतात आणि फरशीवर कुंडी ठेवतात. वायरमन विचारतो, ‘‘काका, अर्थिंग कुठंय?’’ काका कुंडीकडे बघतात, कुंडी काकांकडे बघते. आत तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डात कसाबसा बसवलेला असतो. तिसरी पिन कशासाठी, हा प्रश्न शॉक बसेपर्यंत कुणाला पडत नाही.

तेव्हा मृगाच्या आधी एक दिवस काढा. परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या, मेन बोर्डात एसपीडी आणि कट-ऑफ दोन्ही बसवा. नव्या टीव्हीपुढे तो खर्च किरकोळ आहे. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घ्या, आसपास विजा पडू लागल्या की ते सांगतं. आणि प्लग काढायचे ते गडगडाट डोक्यावर येण्याआधी, डिशच्या वायरीसकट.