वहिनी आणि एफ-679

माणसाला काय आवडतं, हे आपल्याकडे लग्न ठरवतानासुद्धा कुणी धड विचारत नाही. न्यू जर्सीतली आमची वहिनी ते पोटापाण्यासाठी विचारते. एका नर्सिंग होममध्ये ती ॲक्टिव्हिटी डायरेक्टर आहे. दादा लोकांना सांगतो, "ही म्हाताऱ्यांना बिंगो खेळवते." मग वहिनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघते. म्हातारे नाहीत, पेशंट तर नाहीतच, रेसिडेंट. आणि खेळवणं हे कामाचं शेपूट, हत्ती लिहिण्यात आहे.

रेसिडेंट आला की 48 तासांत कच्चा केअर प्लॅन, 14 दिवसांत पूर्ण तपासणी, त्यानंतर 7 दिवसांत पक्का प्लॅन. त्या तपासणीत आवडीनिवडीचे आठ ठरलेले प्रश्न असतात: पुस्तक-पेपर, गाणी, प्राणी, बातम्या, चारचौघांत मिसळणं, आवडीचे उद्योग, मोकळी हवा, देवधर्म. प्रत्येक गोष्ट 'फार महत्त्वाची' की 'अजिबात नाही', ते सांगायचं. मी पुण्याहून सहा महिने राहायला गेले, तर जेट लॅग उतरायच्या आत चहाच्या टेबलावर मला आठही विचारून झाले. "प्राणी?" मी म्हटलं, "पालीला भिते." वहिनीचं पेन थांबलं. "अगं, त्याला खाना नाहीये."

तिचा खरा राग 'आनंदी' या शब्दावर. नवी मदतनीस प्लॅनमध्ये लिहून बसली, 'आजी आनंदी राहतील.' वहिनी म्हणाली, "हा गोल नाही, आशीर्वाद झाला." गोल मोजता आला पाहिजे: पुढच्या आढाव्यापर्यंत आठवड्यातून 3 वेळा गटात येऊन बसतील. तीच मदतनीस पुढे कॉपी-पेस्ट शिकली आणि डोळ्यांनी पार अधू झालेल्या आजींच्या प्लॅनमध्ये 'रोज स्वतः पेपर वाचतील' हे वाक्य गेलं. ते वहिनीला रात्री अकरा वाजता दिसलं. दादा म्हणतो, त्या रात्री घरात सुतक होतं.

कारण सर्व्हे. सरकारी तपासनीस न सांगता येतात. दोन तपासण्यांत 15 महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, एवढाच काय तो अंदाज. त्यामुळे बारावा महिना उलटला की वहिनी रजा घेत नाही. त्या काळात सख्ख्या भाच्याने लग्न काढलं तर तो त्याचा दोष. तपासनीस प्लॅन वाचतात आणि मग त्या माणसाला जाऊन बघतात. कागदावर बागकाम आणि माणूस टीव्हीसमोर पेंगतोय, असं सापडलं की टॅग, म्हणजे त्रुटीचा शेरा. ॲक्टिव्हिटीचा टॅग म्हणजे एफ-679. 2017 च्या नोव्हेंबरात आकडे बदलले, त्याआधी तो 248 होता. वहिनी अजून कधीकधी 248 म्हणून जाते आणि माहेरचं आडनाव तोंडातून निसटावं तशी लाजते.

रेसिडेंटचं नाव घरी काढायचं नाही, कायदा आहे. म्हणून पुढची गोष्ट 'खिडकीवाल्या आजोबां'ची. त्यांना बिंगो नको, गाणी नकोत, फुगे तर बघायलाही नकोत. दिवसभर पार्किंग लॉटकडे तोंड करून बसायचे. वहिनीने लिहिलं, 'पक्षीनिरीक्षण'. लिहिलं खरं, पण मन खाऊ लागलं, म्हणून एकदा सकाळी खुर्ची ओढून शेजारी बसली. अर्धा तास झाला, पक्षी नाही. तेवढ्यात आजोबा मनगट बघून पुटपुटले, "लाल गाडी. सात मिनिटं उशीर." आयुष्यभर कारखान्यात टाइमकीपर होते. वहिनीने त्याच दिवशी पक्षी उडवले आणि लिहिलं: 'रोज सकाळी 8 ते 10 खिडकीशी बसून वाहनांची नोंद. वही व पेन्सिल पुरवणे.' स्टाफ वेळेवर येऊ लागला, हे प्लॅनमध्ये नाही.

चौदाव्या महिन्यात एका सकाळी आजोबांनी वहिनीला खूण केली. "तिघं. चाकांच्या बॅगा. कुणाला भेटायला आल्यासारखे चालत नाहीत." न सांगता येणारा सर्व्हे दारात पोचायच्या आत वहिनी फायलींच्या कपाटाशी पोचली होती.

दुपारी तपासनीसबाई आजोबांजवळ बसल्या. इथं करायला काही असतं का, असं त्यांनी विचारलं. आजोबांनी वही उघडून पुढे केली. "तुम्ही 8:52 ला आलात. गाडी तिरकी लावलीय." बाईंनी एकदा वही बघितली, एकदा प्लॅन बघितला आणि उठून खिडकीतून गाडीही बघितली. 679 लागला नाही.

संध्याकाळी दादाने दारातच विचारलं, "सुटलीस ना?" वहिनीने पर्स ठेवता ठेवता फ्रिजकडे बोट केलं. तिथं चुंबकाखाली कागद होता: 'एकदाच सांगितल्यावर, आठवड्यातून 2 वेळा कचरा बाहेर नेईल.' आढाव्याची तारीख आजचीच होती, आणि पिशवी दाराशीच होती.