भिंतीला पोट

माझी आत्या पवनेकाठी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. ७ सप्टेंबर २०२५च्या रात्री ती घरात झोपली नाही. ग्रहणाला ती घाबरत नाही, जन्मात पुष्कळ पाहिलीत. जपमाळ घेऊन बसायचं आणि सुटलं की अंघोळ करायची. पण या वेळी नातवाच्या फोनवर निरोप आला होता. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येत आहेत, सह्याद्रीची भेग हलणार, ७ तारखेच्या चंद्रग्रहणापासून २१ तारखेच्या सूर्यग्रहणापर्यंत मावळ-मुळशीत मोठा भूकंप, धरणाखालच्या गावांनी सावध राहावं. खाली जोडलेले हात. आत्यानं खाट गोठ्याकडच्या छपरात टाकली. वरून सप्टेंबरचा पाऊस, बाजूनं वारा. तीन रात्री तिथं काढल्या आणि चौथ्या दिवशी तापानं फणफणली.

हा निरोप ज्यानं लिहिला, त्याच्यावर माझा राग आहे. मी तो दोनदा वाचला. त्यात ग्रहणाच्या वेळा अगदी बरोबर होत्या: स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, खग्रास ११ वाजता, मोक्ष १ वाजून २६ मिनिटांनी. आत्यानं पंचांग काढलं, ताडून पाहिलं, जुळलं. मग पुढच्या ओळीवर तिनं विश्वास का ठेवू नये? फसवणुकीची सगळी कळ इथं आहे. ग्रहण मिनिटाला सांगता येतं, कारण चंद्र कुठून कसा जातो याचं गणित माणसानं शतकानुशतकं घासून पक्कं केलंय. ती विश्वासार्हता पंचांगकर्त्यांनी कमावली. या गृहस्थानं ती उचलली आणि तिच्या पाठीमागून भूकंप घरात घुसवला. जमिनीखाली बारा-पंधरा किलोमीटरवर कुठला खडक किती ताणलाय, याचं पंचांग कोणाकडेच नाही.

१४ तारखेला रविवारी दुपारी आसामात उदालगुडीला ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. संध्याकाळी तोच निरोप नवी शेपटी लावून परत आला: बघा, सांगितलं होतं! सांगितलं होतं मावळ, हललं आसाम. मध्ये दोन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. शिवाय त्या दिवशी होती अष्टमी. चंद्र आणि सूर्य एका रेषेत नव्हते, काटकोनात होते. ज्या सिद्धान्तानं अमावास्या-पौर्णिमेची भीती घातली, त्यालाच अष्टमीचा भूकंप पुरावा म्हणून चालतो. मग या सिद्धान्ताला चुकता तरी येईल कसं?

हिशेब करा, कागदावर मावतो. अमावास्या आणि पौर्णिमा, दोन्हींच्या अलीकडचे-पलीकडचे दोन-दोन दिवस धरा. साडेएकोणतीस दिवसांतले दहा दिवस झाले. म्हणजे चंद्राचा काडीचा संबंध नसला, तरी जगातले एक तृतीयांश भूकंप या दिवसांत पडणारच. तीन-तीन दिवस धरले तर जवळपास निम्मे. आणि ग्रहण ते ग्रहण असा पंधरवडाच धरला, तर त्यातला प्रत्येक भूकंप आपलाच. जगात सहा किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला सव्वाशे-दीडशे होतात, आठवड्याला दोन-तीन. जागा सांगायची नाही, तीव्रता सांगायची नाही, तारखेऐवजी पंधरवडा द्यायचा, असं भाकीत माझी आत्याही करील आणि तिचं खरं ठरेल. अशीच भाकितं करणाऱ्या फ्रँक हूगरबीट्स या डच गृहस्थांचं नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभर झालं. तुर्कस्तानचा भूकंप ६ तारखेला झाला, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्यांनी ३ तारखेला त्या भागाचं नाव घेतलं होतं. पण त्यांनी लिहिलं होतं ते एवढंच, की आज ना उद्या तिथं मोठा भूकंप होईल. त्या भागातल्या मोठ्या भेगेबद्दल हे भूशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं सांगत होते. ‘आज ना उद्या’ ही तारीख नव्हे.

आपल्या घरचीच दोन उदाहरणं घेऊ, कारण मराठी माणसाच्या मनात भूकंप म्हटलं की हीच दोन नावं येतात.

किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बुडवून दमलेली माणसं गाढ झोपलेली. पौर्णिमा. चंद्रवाले हे उदाहरण पहिलं काढतात. आता कोयना. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, पुण्या-मुंबईपर्यंत लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले. तेव्हा अष्टमी होऊन दोन दिवस झालेले, पौर्णिमा अजून पाच दिवस लांब. कोकणातल्या कोळ्याला विचारा, तो सांगेल हे दिवस भांगाचे, उधाणाचे नव्हेत. चंद्रसूर्याची ओढ महिन्यातली सगळ्यात ढिली. कोयनेचं नाव चंद्रवाल्यांच्या यादीत म्हणूनच सापडत नाही. किल्लारीची आणखी एक गोष्ट त्या यादीत नसते. भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९९२च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, तिथं जमिनीतून गडगडाट येत होते, शंभराहून जास्त लहान हादरे बसले होते. त्यातला मोठा १८ ऑक्टोबरला बसला. त्या दिवशीही अष्टमीच्या आसपासचाच चंद्र होता. जमीन तिच्या परीनं वर्षभर बोलत होती. पुढे काय येणार हे कोणालाच वाचता आलं नाही, शास्त्रज्ञांनाही नाही.

चंद्र अगदी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या आणि सूर्याच्या ओढीनं समुद्रच काय, लोणावळ्याची जमीनसुद्धा दिवसातून दोनदा वर-खाली होते, काही दिवशी चांगली फूटभर. सगळा घाट, लोहगड-विसापूर, रेल्वेचे रूळ, चिक्कीची दुकानं, सगळं एकदम उचललं जातं म्हणून कळत नाही. टोकियो विद्यापीठाच्या सातोशी इदे आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं, की फार मोठे भूकंप भरतीचा ताण जास्त असताना होण्याकडे थोडा कल दिसतो. अमेरिकेच्या सुझन हफ यांनी २०१८ साली गेल्या चारशे वर्षांतले आठ आणि त्याहून मोठ्या तीव्रतेचे भूकंप घेतले, चंद्राच्या कलांशी लावून पाहिले, आणि खास असा कुठलाच दिवस निघाला नाही. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत आणि दोन्हींतून ‘अमक्या रात्री घराबाहेर झोपा’ असं निघत नाही.

ओढीचं वजन बघा म्हणजे कळेल. भरतीच्या ताणानं खडकावर येणारा दाब काही किलोपास्कलचा असतो, वीत-दोन वीत पाण्याचा थर अंगावर यावा तेवढा. भूकंपात भेग जो ताण मोकळा करते, तो याच्या हजारपट. फुटायलाच टेकलेल्या खडकाला एवढाही धक्का पुरेल. पण कुठला खडक टेकलाय हे माहीत नसताना धक्क्याची वेळ सांगून उपयोग काय? आणि वीतभर पाण्याचीच भीती घालायची, तर कोयनेचं धरण १०३ मीटर उंच आहे. १९६२च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि पाठोपाठ हादरे सुरू झाले, ते आजवर थांबलेले नाहीत. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दाखवलं, की जलाशय आठवड्याला १२ मीटरपेक्षा जास्त वेगानं चढला, तर पाचच्या वरच्या भूकंपाची शक्यता वाढते. हे आकाशातलं नाही, जलाशयाच्या पातळीचं मोजमाप आहे. कोयनेजवळ गोठण्याला खडकात तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, आत काय चाललंय ते बघायला. एवढं करूनही ती मंडळी तारीख सांगत नाहीत. ज्यांना सगळ्यात जास्त कळतं, तेच तारीख सांगायला कचरतात, हे आत्याला मी तीनदा समजावलं.

ती म्हणाली, “पण बाबा, आपल्या जुन्या ग्रंथांत असेलच की.” आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत भूकंपावर अख्खा अध्याय लिहिला, नक्षत्रांवरून त्याची मंडळं पाडली. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तो आधीच्यांची मतंही देतो: कोणी म्हणतं पाण्यातले मोठे प्राणी, कोणी म्हणतं दिग्गज, कोणी वारे. स्वतःच्या मताशेजारी दुसऱ्यांची चार मतं मांडणारा माणूस मला आदरणीय वाटतो. आत्याचा निरोप लिहिणाऱ्यानं स्वतःचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. त्यालाही माहीत असावं, की आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ खाली खोटा इशारा पसरवून घबराट करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुढे ढकलणाऱ्यांनीही हे कलम वाचावं. पसरवणं हा शब्द त्यात आहे.

आता आत्याच्या खाटेकडे येतो.

किल्लारीला माणसं मारली ती भिंतींनी. ६.२ तीव्रतेचा भूकंप. याच ताकदीचे धक्के जपान वर्षातून अनेकदा सोसतो. इकडं आठ-दहा हजार माणसं गेली. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये खडी-माती कोंबलेली, आणि डोक्यावर माळवद, ज्याच्यावर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती पडत गेली. हादरा बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. ३१ ऑगस्ट २०२५ला, आपल्याकडं गौरी आल्या त्या रात्री, अफगाणिस्तानात कुनारला सहा तीव्रतेचा भूकंप झाला. दोन हजारांहून जास्त माणसं गेली. घरं दगडमातीची. चंद्र अष्टमीचा. तिथी बदलली, भिंत तीच राहिली.

अशा घरात काय करायचं ते लिहून ठेवलेलं आहे, भारतीय मानक १३८२८ मध्ये, १९९३ सालीच. दोन्ही थर बांधून धरणारे आरपार दगड, दर दोन फूट उंचीला आणि चार-चार फुटांवर. दारं-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा एक अखंड पट्टा. कोपरे सांधलेले. डोक्यावरचं वजन कमी. किल्लारीनंतर ५२ गावं नव्यानं वसवली तेव्हा यातलं बरंच झालं. मावळातल्या वाड्या-वस्त्यांवर जुनी घरं अजून तशीच उभी आहेत, आणि शेजारच्या टेकडीउतारावर शनिवार-रविवारचे बंगले नुसत्या खांबांवर, खाली गाड्यांसाठी मोकळं सोडून, चढत चाललेत. त्या खांबांना किती सळई घातली हे विचारणारा निरोप माझ्या फोनवर अजून आलेला नाही. २०२५च्या जूनमध्ये कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला, चार जण गेले. तो धोकादायक असल्याचं आधीपासून माहीत होतं. तिथी कोणी विचारली नव्हती.

आत्याच्या घराची गोठ्याकडची भिंत जुनी आहे, आजोबांच्या हातची. तिला पोट आलंय. मी लहान होतो तेव्हाही थोडं होतं. आम्ही पाठ टेकून बसायचो त्या फुगवट्याला. तीन रात्री आत्याची खाट त्याच भिंतीला लावून होती, भूकंपाच्या भीतीनं. पावसानं पाया भिजलेला, वर कौलांचा भार.

गुरुवारी गवंड्याला नेलं. त्यानं वरून ओळंबा सोडला. दोरी सरळ खाली आली, मधोमध भिंतच दोरीच्या पुढं आली. त्यानं हात लावून मापलं: सात बोटं. उतरून नव्यानं बांधायला हवी, म्हणाला, पण पितृपंधरवड्यात घराला हात लावत नाही, घटस्थापना होऊ दे. आत्यानंही मान हलवली. मी वाद घातला नाही. टेकूला मुहूर्त लागत नाही, एवढंच म्हटलं. आतेभाऊ आणि मी दोन सागाच्या बल्ल्या तिरप्या लावल्या, खाली दगड ठोकले, आणि आत्याची खाट उचलून माजघरात, त्या भिंतीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. रविवारी सर्वपित्री अमावास्या आहे. त्या रात्री तिनं तिथंच झोपायचं कबूल केलंय.