कुर्डुवाडीनंतरचं इंग्रजी : सोलापूरच्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

आधी साहित्य जमवा. दोनशे पानी वही एक, तीन रंगांची पेनं, आजोबांच्या ट्रंकेतली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि एकेकाळी कपिल देव ज्याची जाहिरात करायचा ते रॅपिडेक्स. वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहा, दुसऱ्यावर बारा काळांचा तक्ता आखा. पूर्ण भूतकाळाला लाल पेन, कारण तो सगळ्यात जास्त चुकतो आणि सगळ्यात कमी लागतो. तक्ता झाला की वही कपाटात ठेवून द्या. यातलं काहीही बोलायला लागत नाही. पण एवढं जमवल्याशिवाय सुरुवात केलीत, तर तुम्ही काही शिकताय यावर घरच्यांचा विश्वास बसणार नाही.

मग क्लास लावा. नव्या पेठेतून सात रस्त्याकडे जाताना मान वर ठेवली की पाट्या दिसतात, ‘नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी’. कुणी साठ दिवसांत देतो, कुणी तीस. क्लास कुठलाही निवडा, आतली रचना सारखीच असते. चाळीस जण फळ्याकडे तोंड करून बसतात आणि एकटे सर बोलतात. तीन महिन्यांत बोलण्याचा उत्तम सराव होतो. सरांचा. तुमच्याकडे नोट्स राहतात. त्याही वहीशेजारी कपाटात ठेवा.

एवढे विधी उरकले की मुद्द्याचं. ‘आमच्यात भाषेचं अंगच नाही हो’ असं म्हणायची सवय तेवढी सोडा. सोलापुरात राहून हे म्हणणं म्हणजे निव्वळ कांगावा आहे. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिला आपण अजून जुनी मिल म्हणतो. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांच्या तेलुगूनं शहराचा पूर्व भाग व्यापला. कन्नड तर दाराशीच होती, आणि दखनी उर्दू गल्लीगल्लीत. पूर्व भागातला पोरगा आजही घरी आईशी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी, विजापूर वेशीत दखनी, आणि अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक दुकानात आलं की ‘बर्री, कुंद्री’ करत कन्नडमध्ये शिरतो. यांतल्या एकाही भाषेचा त्यानं क्लास लावलेला नसतो. त्याच्या आजीची कन्नड जेमतेम तीस शब्दांची असेल, पण त्या तीस शब्दांवर तिनं आयुष्यभर भाजीवाल्यांना घाम फोडला. व्याकरण चुकलं म्हणून कुणी तिला मेथी नाकारली नाही.

मग हाच चार भाषांचा माणूस इंग्रजीपुढे का गोठतो? नेहमीचं उत्तर न्यूनगंड हे आहे. ते खरंही आहे, त्याच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक यांत्रिक कारण आहे आणि ते क्लासच्या कुठल्याच पाटीवर नसतं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. कोण, कधी, कुठं, काय हे सगळं सांगून झाल्यावर आपण शेवटी ‘आणलं’ म्हणतो. त्यामुळे एकीतून दुसरीत जाताना फक्त शब्द बदलायचे, डबे त्याच क्रमानं रुळावर राहतात. या चौघींतल्या तेलुगू आणि कन्नड एका कुळातल्या, मराठी आणि उर्दू दुसऱ्या, पण वाक्य रचायला बसल्या की चौघी एकाच घरच्या सुना. इंग्रजी मात्र इंजिन पुढे जोडते. ‘आय’नंतर लगेच ‘ब्रॉट’. आपला माणूस ‘आय यस्टरडे मार्केट फ्रॉम मँगो’ इथपर्यंत सवयीनं आणि आत्मविश्वासानं जातो, क्रियापदासाठी खिसे चाचपतो आणि ते सापडेपर्यंत समोरचा ‘ओके, ओके’ म्हणून निघून गेलेला असतो.

यावर व्यायाम आहे, आणि या मार्गदर्शिकेत मनापासून सांगितलेला तो बहुधा एकच. आठवडाभर घरात मराठीच बोला, पण क्रियापद पुढे घेऊन. ‘मी आणले आंबे काल बाजारातून.’ ‘मी जातोय पुण्याला उद्या सकाळी.’ ‘तू ठेवलीस का किल्ली फ्रिजवर?’ पहिले दोन दिवस बायको दुर्लक्ष करेल. तिसऱ्या दिवशी संगीत नाटकात काम मिळालं का म्हणून विचारेल. चौथ्या दिवशी सासूबाईंना फोन जाईल. थांबू नका. एकही इंग्रजी शब्द न उच्चारता तुमचं डोकं इंग्रजी वाक्याच्या वळणावर येतं, आणि तर्खडकरांच्या तीन भागांत जे घट्ट बसत नाही ते बसतं. याच आठवड्यात ‘बाजारात’मधला ‘त’ उचलून पुढे ठेवायलाही शिका. आपण शब्दाच्या शेपटीला जे चिकटवतो ते इंग्रजीत शब्दाच्या आधी येऊन उभं राहतं.

शब्दसंग्रहाची काळजी नको, तो आहेच. गिरणीत किंवा पॉवरलूमवर काम केलेल्या कुणालाही बोलतं करा. चौथीत शाळा सोडलेला माणूस बीम, बॉबिन, शटल, डॉबी, जॅकार्ड, वाइंडिंग, डाईंग, शिफ्ट, ओव्हरटाइम, जॉबर हे शब्द इतक्या सहज वापरतो की ते मँचेस्टरहून आले की माढ्याहून, हा प्रश्नच त्याला पडत नाही. दवाखान्यात गेलं की बीपी, शुगर, सोनोग्राफी, ॲडमिट, डिस्चार्ज. म्हणजे नामं गोदामात भरून पडली आहेत. तुटवडा क्रियापदांचा, आणि त्यातही पंधरा-वीसच : घे, दे, ये, जा, ठेव, आण, सांग, विचार, थांब, पाठव. एवढी तीन काळांत पक्की करा. वहीतले उरलेले नऊ काळ पाहुण्यांना दाखवायला आहेत.

आता ‘मायसेल्फ’. स्वतःची ओळख करून देणारा परिच्छेद प्रत्येक नवशिक्याला पाठ असतो. तो ‘मायसेल्फ’नं सुरू होतो, सोलापूर, वडिलांचा व्यवसाय, ‘माय हॉबीज आर रीडिंग अँड लिसनिंग म्युझिक’ अशी स्थानकं घेत ‘दॅट्स ऑल अबाउट मी’वर थांबतो. याचा एकच दोष म्हणजे मधे ब्रेक नाही. पुण्यातल्या इंटरव्ह्यूत कुणी मधेच ‘कुठलं पुस्तक वाचलंत अलीकडे?’ विचारलं की गाडी रुळावरून उतरते आणि पुन्हा ‘मायसेल्फ’पासून सोडावी लागते. उपाय म्हणून काही जण छंद बदलतात. त्यापेक्षा परिच्छेदच विसरा. समोरचा जे विचारेल त्याला चार शब्दांत उत्तर द्या आणि गप्प बसा. गप्प बसणं हे कुठल्याही भाषेत अस्खलितच असतं.

इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ सगळ्यांना एकच ‘यू’. आपल्याला हे फार उघडं पडल्यासारखं वाटतं. कन्नडमध्ये ‘री’ लावता येतं, तेलुगूत ‘गारू’, उर्दूत ‘जनाब’. साहेबाला नुसतं ‘यू’ म्हणायचं? म्हणून आपण एका वाक्यात तीनदा ‘सर’ घालतो : ‘सर, यू सर टोल्ड, सर’. घाला. सर हा सोलापुरी इंग्रजीतला स्वल्पविराम आहे. तेवढ्या वेळात पुढचं क्रियापद सापडतं.

न्यूनगंडाचं आश्वासन दिलं होतं. नवशिक्याला वाटतं की त्याला इंग्रजांची भीती वाटते. तसं काही नाही. याच शहरानं मे १९३० मध्ये इंग्रजांचा अंमल काही दिवस बाजूला सारून दाखवला होता. सरकारला मार्शल लॉ पुकारावा लागला, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. आपल्याला साहेबाची भीती कधी नव्हती. भीती पार्क चौकात चहा पीत उभ्या असलेल्या मित्राची आहे. ‘आय थिंक’ एवढे दोन शब्द तोंडातून निघाले की तो गाडीवरून ओरडतो, ‘काय बे, लै शाना झालास काय?’ आणि दोन शब्द चुकले तर तेच चूक वाक्य पुढे तुमच्या लग्नात, मुलाच्या बारशात आणि निवृत्तीच्या समारंभात म्हटलं जातं. ओळखीच्या माणसासमोर इंग्रजी येत नाही, याला व्याकरणात उपाय नाही. भूगोलात आहे.

तो असा. त्या चार हुतात्म्यांच्या नावानं सकाळी पुण्याला निघणारी गाडी पकडा. मोहोळपर्यंत मराठीच बोला, डब्यात मामाच्या गावचं कुणीतरी असतंच. कुर्डुवाडी मागे पडली की ओळखी विरळ होतात. उजनीचं पाणी दिसू लागलं की शेजारच्या अनोळखी माणसाला विचारा, ‘एक्स्क्यूज मी, व्हिच स्टेशन इज धिस?’ स्टेशन कुठलं हे तुम्हाला ठाऊक असतं, त्यालाही ठाऊक असतं, पण तोही त्याच कामासाठी बसलेला असू शकतो. दौंडपर्यंत दोघं मिळून हवामान, क्रिकेट आणि पगार हे तीन विषय संपवाल. हिंजवडीत नोकरीला गेलेली आमची कित्येक पोरं याच पट्ट्यात बोलती झाली, अशी माझी खात्री आहे. शनिवारी उलट्या दिशेनं येताना त्यांचं इंग्रजी जिंतीच्या आसपास गळून पडतं आणि माढ्याला पोचेपर्यंत ‘काय करलालास बे’ सुरू होतं.

प्रवास परवडत नसेल तर घरात परीक्षक नेमा. इंग्रजी माध्यमातलं दुसरी-तिसरीतलं लेकरू चालेल. त्याच्यासमोर ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणा. ‘पप्पा, डिड नॉट गो!’ हे ते ज्या आनंदानं ओरडेल, तो आनंद कुठल्याही क्लासच्या सरांकडे नाही. बापाची चूक काढायला मिळते म्हणून पोर थकत नाही, आणि पोरासमोर कसली लाज म्हणून बाप बोलत राहतो. आपल्या शाळांत मराठी माध्यमालाही २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आहे. त्या पहिल्या तुकडीची पोरं आता तिशीत आहेत. ‘आय बेग टू स्टेट दॅट’ने सुरू होणारा रजेचा अर्ज ती झोपेत लिहितात, पण हॉटेलात पाणी मागताना वेटरकडे बोटानं ग्लास दाखवतात. त्यांनी इंग्रजी लिहून सोडवलं, ऐकलं मात्र फार थोडं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, तेव्हा कोडवर मोबाइल धरला की मुलांना कविता ऐकू येऊ लागली. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सगळ्यांनी वाचलं. कानाची बाब मात्र बातम्यांच्या गर्दीत मागे पडली. तुम्ही रोज दहा मिनिटं क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री लावा आणि समालोचकाच्या मागोमाग त्याच चालीत पुटपुटा. खेळ दिसत असल्यानं अर्थ विचारावा लागत नाही, आणि क्रियापद दर चेंडूला जागच्या जागी पडतं.

एवढं करूनही धीर होत नसेल तर भैय्या चौकातल्या स्मारकाकडे एक चक्कर मारा. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथं चिनी शिकून ते चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले, बेथ्यून रुग्णालयाचे पहिले संचालक झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथंच गेले. वय बत्तीस. तिकडे त्यांना रॅपिडेक्स मिळालं नव्हतं. जखमी माणसं मिळाली होती, आणि ‘कुठं दुखतंय’ हे विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं. तुमच्या इंग्रजीला अशी निकड हवी असेल तर टॉवेलच्या धंद्यात शिरा. आखाताकडचा ग्राहक फोनवर भाव पाडू लागला की टेरी टॉवेलवाल्या मालकाचं इंग्रजी कसं सुटतं ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ऐका. ‘नो लेस, सर. कॉटन रेट अप. यू टेक फुल कंटेनर, आय गिव्ह डिस्काउंट.’ क्रियापदं बरोबर जागी, काळ एकच, आणि कंटेनर वेळेवर बंदराला.

शेवटची सूचना इंग्रजी आल्यानंतरची आहे. दिवाळीला पुण्याहून याल, बॅग ओढत सोलापूर स्टेशनबाहेर पडाल, आणि सवयीनं रिक्षावाल्याला ‘हाऊ मच फॉर जुळे सोलापूर?’ विचाराल. तो तितक्याच सफाईनं उत्तर देईल, ‘फोर हंड्रेड, सर.’ घासाघीस इंग्रजीत करू नका, त्याचं तुमच्यापेक्षा पक्कं आहे. बॅग खाली ठेवा आणि म्हणा, ‘काय बे, आसरा चौकापर्यंत किती घेतूस सांग.’ तो हसेल, आणि भाडं दीडशेवर येईल.