दोन डोंगर आणि एक सूर्य

पहिलीच्या मुलाला कायद्यानं चित्रकलेचा शिक्षक दिलेलाच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट वाचा. कलेसाठी अर्धवेळ निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीला, तोही पटावर शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर. ज्या वयात मूल न सांगता भिंतीवर, पाटीवर, धुळीत चित्रं काढतं, त्या वयाला कोणी नाही. ते लाजायला लागलं, दर रेघ खोडायला लागलं, की मग शिक्षक!

तोवर चित्रकलेचा तास कसा होतो? फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, कडेला नारळ. बघा आणि काढा. नाहीतर झेरॉक्सवरचा मोर. रंग रेषेच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. नोंदवहीत ‘चित्रात सुंदर रंग भरतो’ असं लिहिलं की विषय संपला.

दौंड तालुक्यातल्या भांडगावच्या मुलाला रोज काय दिसतं? पुणे-सोलापूर रस्त्यावरचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळाचा धूर, काहिलीतला उकळता रस, चुलवणात चिपाडं ढकलणारा माणूस. दक्षिणेला भुलेश्वरची डोंगररांग आहे, आणि ती त्रिकोणी नाही. यातलं काहीच चित्राच्या वहीत येत नाही, कारण फळ्यावर ते नसतं.

आणि आलंच तर आपण ते दुरुस्त करतो! सहा-सात वर्षांचं मूल ट्रॉलीची चारही चाकं काढतं, बापाला ट्रॅक्टरपेक्षा मोठा करतं, घराच्या भिंतीतून आतली चूल दाखवतं. त्याला जे माहीत आहे आणि जे महत्त्वाचं वाटतं, ते ते काढतं. जगभरची मुलं या वयात असंच काढतात. तिथे ‘अरे, बाजूनं दोनच चाकं दिसतात’ म्हणणं ही शिकवणी नव्हे, आगाऊपणा आहे. त्याला एवढंच विचारा: ‘हे कोण? काय करतंय?’ मग बघा ते किती बोलतं.

दौंड भागातल्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून कुटुंबं कामाला येतात. त्यांचं मूल वर्गात आलं की महिनोन्‌महिने गप्प बसतं. मराठी येत नाही. कागद आणि तेलखडू दिले तर पहिल्याच दिवशी ते आपलं गाव, आजी, म्हैस सगळं सांगेल. मला या एका मुलासाठी तरी चित्रकलेचा तास रोज हवा आहे. गणिताची उजळणी घ्यायला तो तास उचलणाऱ्यांनी या मुलाकडे एकदा बघावं.

‘खेड्यात हे कसं जमायचं?’ सेवाग्रामला जमलं होतं. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये तिथे आले आणि १९६२ पर्यंत गांधीजींच्या नई तालीम शाळेतल्या मुलांना कला शिकवत राहिले. कला हाच शिक्षणाचा पाया, असं ते मानत आणि त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. सेवाग्राम काही श्रीमंत गाव नव्हतं.

सामान तर घरात आहे: गेरू, चुना, हळद, चुलीतला कोळसा. शनिवारी दप्तर नसेल तेव्हा मुलांना गुऱ्हाळावर न्या, काहिलीपासून लांब बसवा आणि पाठकोरे कागद द्या. भुलेश्वरच्या यादवकालीन देवळात स्त्रीरूपातला गणपती आहे. सहल तिथे गेली तर फोटो काढून परतू नका, अर्धा तास मुलांना त्याच्यासमोर बसू द्या.

आणि शाळेच्या त्या ‘बोलक्या भिंती’! पेंटरला पैसे देऊन आपण त्यांच्यावर फळं, प्राणी, पाढे काढून घेतो. बोलतो पेंटर, मूल नव्हे. त्यातली एक भिंत पहिलीच्या वर्गाला द्या, मुलांचा हात पोचेल तेवढीच, जमिनीपासून चार फूट. वर्ष संपलं की चुना मारा आणि जूनमध्ये नव्या पहिलीच्या हवाली करा.